84, 82 आणि एक चिठ्ठी: महापालिकेचा निकाल कसा वाचायचा

23 फेब्रुवारी 2017. मुंबई महापालिकेची मतमोजणी चालू होती. गिरगावातल्या प्रभाग क्रमांक 220 मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांच्या नावापुढे शेवटी एकच आकडा उरला: 5,946. दोघांनाही तेवढीच मतं, एकही कमी नाही की जास्त नाही. अशा वेळी कायदा चिठ्ठी काढायला सांगतो, आणि जिच्यावर नाव निघेल त्या उमेदवाराला एक मत जास्त पडलं असं धरलं जातं. चिठ्ठी शहांच्या नावाची निघाली.

त्या रात्री शहराचा निकाल असा होता: शिवसेना 84, भाजप 82, काँग्रेस 31, राष्ट्रवादी 9, मनसे 7, समाजवादी पक्ष 6, एमआयएम 2 आणि अपक्ष व इतर 6. एकूण 227. गिरगावात दुसरी चिठ्ठी निघाली असती तर हाच निकाल 85 आणि 81 असा वाचावा लागला असता.

हा प्रसंग मी नेहमी सांगते, कारण महापालिका निवडणुकीचं एक खरं रूप त्यात दिसतं. लोकसभेला बहुतेकदा लाखांचं मताधिक्य असतं, तिथे एक मत समुद्रातल्या थेंबासारखं वाटतं. महापालिकेत मात्र तुमच्या चाळीच्या एका मजल्यावरची माणसं मतदानाला गेली की नाही, यावर नगरसेवक ठरू शकतो. साधा हिशेब करून बघा. 2026 च्या निवडणुकीला मुंबईत एक कोटी तीन लाखांहून जास्त मतदार होते. त्यांना 227 ने भागलं की एका प्रभागात सरासरी 45 हजार मतदार येतात. मतदान साधारण 53 टक्के झालं, म्हणजे प्रत्यक्षात मत टाकणारे सरासरी 24 हजार. ही मतं चार-पाच जणांत वाटली गेली तर आठ-नऊ हजारांतही माणूस निवडून येतो. बाकीच्या पंधरा हजारांनी त्याला मत दिलेलं नसतं, तरीही पुढची पाच वर्षं तोच त्यांचा नगरसेवक.

यातूनच निकालाच्या दिवशी होणारा पहिला गैरसमज सुटतो. एखाद्या पक्षाला शहरात किती मतं पडली आणि किती जागा मिळाल्या, या दोन गोष्टींचं प्रमाण जुळतंच असं नाही. मतं सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असली की पक्ष पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या क्रमांकावर राहतो, आणि दुसऱ्या क्रमांकाला जागा नसते. उलट एखाद्या छोट्या पक्षाची मतं पाच-सहा प्रभागांतच गोळा झालेली असली तर तो तेवढ्यावरच पाच-सहा जागा घेऊन जातो. म्हणून "अमुक पक्ष संपला" असं निव्वळ जागांवरून म्हणू नये. तो कुठे कितीने पडला हे आधी बघावं.

आता जरा मागे जाऊ, कारण खेळाचा बराचसा भाग मतदानाच्या आधीच झालेला असतो.

महापालिकेची निवडणूक दिल्लीतला निवडणूक आयोग घेत नाही. ती राज्य निवडणूक आयोग घेतो. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला राज्यघटनेत जागा दिली आणि या निवडणुकांची जबाबदारी प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र आयोगावर टाकली. मतदारयादी मात्र विधानसभेचीच वापरतात. ती प्रभागाप्रमाणे फोडली जाते, आणि ही फोडणी करतानाच बहुतेक घोटाळे होतात. रस्त्याच्या एका बाजूची इमारत एका प्रभागात, दुसऱ्या बाजूची दुसऱ्यात. दरवेळी "माझं नाव कुठे गेलं?" म्हणून जी माणसं केंद्राबाहेर चिडलेली दिसतात, त्यांचं नाव अनेकदा शेजारच्या प्रभागाच्या यादीत असतं.

मग येते आरक्षणाची सोडत. मुंबईच्या 227 जागांपैकी 15 अनुसूचित जातींसाठी, 2 अनुसूचित जमातींसाठी, 61 इतर मागासवर्गासाठी आणि 149 सर्वसाधारण असतात. या सगळ्यांत मिळून निम्म्या, म्हणजे 114 जागा महिलांच्या. बहुमताचा आकडाही 114 च आहे. दोन्ही 227 च्या निम्म्यावरूनच आलेले, म्हणून लक्षात ठेवायला सोपे. 2026 च्या निवडणुकीची सोडत 11 नोव्हेंबर 2025 ला वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात निघाली. त्या सकाळी शहरातल्या कित्येक जुन्या नगरसेवकांची अनेक वर्षांची मशागत पाच मिनिटांत दुसऱ्याच्या शेतात गेली. आपला प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की पुढाऱ्याची पत्नी, बहीण किंवा सून उभी राहते, हे आपण पाहिलंय. यावर लोक हसतात, मला मात्र हसू येत नाही. यातल्या कितीतरी बायका दुसऱ्या वर्षापासून स्वतः सभागृहात उभ्या राहून बोलायला लागतात, आणि पुढच्या वेळी प्रभाग खुला झाला तरी त्याच उभ्या राहतात. राखीव जागेने त्यांना दार उघडून दिलं, आत पावलं त्यांनी स्वतः टाकली.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. पुणे, नाशिक, ठाणे अशा शहरांत राहणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटेल, कारण त्यांच्याकडे चार-चार असतात. याचं कारण कायद्यात आहे. मुंबईचा कारभार 1888 च्या स्वतंत्र कायद्याने चालतो, तर इतर शहरांना 1949 चा कायदा लागू आहे, आणि त्यात राज्य सरकारने बहुसदस्यीय प्रभाग आणले. पुण्यात 2026 ला 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडायचे होते: 40 प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. तिथला मतदार यंत्रासमोर गेला की अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबतो, आणि सगळी दाबून झाल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. कुणीच नको असेल तर त्या जागेपुरता 'नोटा'. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी राज्य आयोगाने 2018 साली एक चांगला नियम केला: 'नोटा'ला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची.

चारच्या प्रभागाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मतदाराचं त्यात नुकसान आहे. प्रभाग इतका मोठा होतो की अपक्ष किंवा छोटा कार्यकर्ता पायी फिरून तो पुरा करू शकत नाही. मोठ्या पक्षाचं पॅनेल एका लाटेवर अख्खं निवडून येतं. आणि नंतर नळाला पाणी आलं नाही की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. एक प्रभाग, एक नगरसेवक असला की निदान दार कुणाचं ठोठवायचं हे माहीत असतं.

परत मुंबईकडे येऊ. निकाल लागला, हार-तुरे झाले, गुलाल उडाला. आता महापौर कसा होतो?

महापौर लोक निवडत नाहीत, नगरसेवक निवडतात, तेही सभागृहात हात वर करून, सगळ्यांदेखत. मुदत अडीच वर्षांची. शिवाय महापौरपदालाही आरक्षण असतं आणि तेही सोडतीने ठरतं. 22 जानेवारी 2026 च्या सोडतीत मुंबईचं महापौरपद सर्वसाधारण गटातल्या महिलेसाठी निघालं. याचा अर्थ असा की बहुमत असलेल्या पक्षाकडे त्या गटात बसणारी नगरसेविका नसेल तर बहुमत असूनही पंचाईत होते. मोठे पक्ष म्हणूनच उमेदवारी देताना सगळ्या गटांतली माणसं निवडून येतील याची काळजी घेतात. स्वीकृत नगरसेवक म्हणून पक्ष ज्यांना मागाहून सभागृहात आणतात, त्यांना या मतदानात भाग घेता येत नाही.

बहुमत नसेल तर काय होतं, ते 2017 ने फार चांगलं शिकवलं. 84 आणि 82, म्हणजे 114 पासून दोघेही लांब. राज्याच्या सरकारात दोघे एकत्र, पण महापालिका एकमेकांविरुद्ध लढलेली. नऊ दिवस शहराने श्वास रोखून धरला होता. मग तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की भाजप महापौरपद लढवणार नाही, विरोधी पक्षातही बसणार नाही, तर 'पारदर्शकतेचे पहारेकरी' म्हणून काम करेल. 8 मार्चला शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर 171 मतांनी महापौर झाले. काँग्रेसच्या विठ्ठल लोकरे यांना 31 मतं पडली.

यात एक गंमतीशीर वाटणारी पण फार महत्त्वाची गोष्ट घडली. 82 नगरसेवकांचा पक्ष सत्तेत नाही आणि विरोधातही नाही, म्हणून विरोधी पक्षनेतेपद 31 वाल्या काँग्रेसकडे गेलं. रवी राजा विरोधी पक्षनेते झाले. पुढे 2019 ला राज्यात शिवसेना आणि भाजप वेगळे झाले, तेव्हा भाजपने हे पद मागितलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयाने भाजपची मागणी फेटाळली. पद एकदा आपणहून नाकारलं की मनात येईल तेव्हा परत मागता येत नाही, हा त्यातला मुद्दा. निकालाच्या रात्री कुणालाही असं वाटलं नव्हतं की हातात आलेल्या जागांचं काय करायचं हा निर्णय जागांइतकाच जड ठरेल.

निकालाचे आकडे नंतर स्थिरही राहत नाहीत. 2017 च्या ऑक्टोबरात भांडुपची पोटनिवडणूक भाजपने जिंकली आणि त्यांचा आकडा 83 वर गेला. दोघांमधलं अंतर एकावर आलं. लगेचच मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवक शिवसेनेत गेले. सहाच का, आणि सातातले सहा गेले म्हणून त्यांचं पद का टिकलं? कारण पक्षांतरबंदीचा कायदा नगरसेवकांनाही लागू आहे, आणि त्यातून सुटायचं तर गटातल्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी एकत्र जावं लागतं. सातांचे दोन तृतीयांश म्हणजे पाच. सहा जण असल्याने ते वाचले. एकटा-दुकटा गेला असता तर पदावर पाणी सोडावं लागलं असतं. निकालानंतर प्रत्येक पक्ष आपल्या नगरसेवकांना घेऊन बेलापूरच्या कोकण भवनात गटनोंदणीला जातो तो याच कारणासाठी. गट नोंदला की गटनेता ठरतो, आणि त्याने काढलेला व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षादेश, मोडणाऱ्याचं पद धोक्यात येतं. अपक्षांचा भाव वाढतो तोही याच दिवसांत.

आणखी एक वाट आहे जिने आकडे बदलतात: जातवैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर निवडून आलेल्याने ते मुदतीत दिलं नाही किंवा समितीने ते अवैध ठरवलं, तर पद जातं. 2017 नंतर मुंबईत असे काही नगरसेवक गेले आणि दुसऱ्या क्रमांकाचे उमेदवार न्यायालयातून त्यांच्या जागी आले. म्हणजे गुलाल एकाने उडवला आणि खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

महापौर झाले म्हणजे शहराचे मालक झाले असं वाटत असेल, तर तसं नाही. महापौर शहराचा प्रथम नागरिक, सभागृहाचा अध्यक्ष. पाहुणे आले की स्वागत त्यांचं, सभेत शिस्त त्यांची. पण प्रशासन चालवतो आयुक्त, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. अधिकाऱ्यांच्या बदल्या, कामांची अंमलबजावणी, बांधकामांवर कारवाई हे सगळं आयुक्तांच्या हातात. मग नगरसेवकांकडे काय? त्यांच्याकडे थैलीची दोरी आहे. मोठ्या खर्चाचा प्रस्ताव आयुक्त मांडतात, आणि तो मंजूर करते स्थायी समिती. 2025-26 ला या महापालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. म्हणूनच जुने पत्रकार सांगतात की महापौर कोण झाला ते पहिल्या पानावर छापा, पण स्थायी समितीचा अध्यक्ष कोण झाला ते नीट वाचा. या समितीत जागा पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर वाटल्या जातात, म्हणजे सभागृहात तुमचा जेवढा हिस्सा तेवढाच समितीत. इथे निकालातली एकेक जागा पुन्हा मोजली जाते. चार-पाच नगरसेवकांच्या फरकाने समितीतलं एक माणूस इकडचं तिकडे होऊ शकतं, आणि त्या एका माणसाने रस्त्याचं, नाल्याचं, रुग्णालयाचं कंत्राट अडू किंवा सुटू शकतं.

हे सगळं नसेल तर काय होतं, हे मुंबईने चार वर्षं भोगलं.

2017 च्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. राज्यघटना सांगते की मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक झाली पाहिजे. ती झाली नाही. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या स्थानिक आरक्षणासाठी तीन अटी घातल्या होत्या: समर्पित आयोग नेमून माहिती गोळा करा, प्रत्येक संस्थेत किती टक्के ते ठरवा, आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. त्या पूर्ण करण्यात वेळ गेला. त्यातच एका सरकारने मुंबईचे प्रभाग 227 चे 236 केले, पुढच्या सरकारने पुन्हा 227 केले, आणि त्यावरून पुन्हा न्यायालय. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला, आणि पुढे मुदत वाढवून 31 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख दिली.

या मधल्या काळात प्रशासक होते. प्रशासक म्हणजे तेच आयुक्त. त्यांच्याकडे आयुक्ताचे अधिकार होतेच, त्यात स्थायी समितीचे आले आणि सभागृहाचेही आले. प्रस्ताव मांडणारा तोच, तपासणारा तोच, मंजूर करणारा तोच. काम लवकर होतं असं याचं समर्थन करणारे मला पुष्कळ भेटले. होत असेलही. पण हजारो कोटींच्या कामांवर "हे इतकं महाग का?" असं विचारणारा, आणि तो प्रश्न इतिवृत्तात नोंदला जाईल अशा जागी बसलेला, एकही माणूस नव्हता.

आमच्या गल्लीत 2023 च्या पावसाळ्यात गटाराचं पाणी तळमजल्यावरच्या दोन घरांत शिरलं. एरवी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन आरडाओरडा केला असता, संध्याकाळपर्यंत माणसं आली असती. तेव्हा ते कार्यालय बंद होतं. आम्ही तिघीजणी तीन वेळा एका कार्यालयात गेलो, प्रत्येक वेळी वेगळ्या टेबलाकडे पाठवलं गेलं. ज्यांच्या घरात पाणी आलं त्या काकू परत येताना एवढंच म्हणाल्या, "माजी म्हणतात माझ्या हातात नाही, आणि आजी कुणी नाहीच." त्यांचं हे वाक्य मी विसरले नाही.

15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या इतर 28 महापालिकांबरोबर मुंबईतही मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागला. भाजप 89, उद्धव ठाकरे यांची शिवसेना 65, एकनाथ शिंदे यांची शिवसेना 29, काँग्रेस 24, एमआयएम 8, मनसे 6, राष्ट्रवादी 3, समाजवादी पक्ष 2, शरद पवार यांची राष्ट्रवादी 1.

वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी आता या आकड्यांना लावून बघा. भाजपचे 89, एकट्याने 114 होत नाहीत, 25 कमी पडतात. शिंदे यांचे 29 मिळवले की 118. बहुमतापेक्षा चार जास्त. म्हणजे 29 जण असलेला गट सभागृहातला तिसरा असला तरी त्याच्याशिवाय महापौर होत नाही. निकालानंतर शिंदे यांच्या नगरसेवकांना हॉटेलात एकत्र ठेवल्याच्या बातम्या आल्या त्याचं कारण याच वजाबाकीत आहे. दुसरीकडे ठाकरे बंधू एकत्र लढले: 65 आणि 6 मिळून 71. काँग्रेसचे 24 त्यात धरले तरी 95. मुंबईत पंचवीस वर्षं सलग सत्तेत असलेली शिवसेना दुभंगली, आणि 2017 ला 84 असलेल्या पक्षाचे दोन तुकडे मिळून आता 94 होतात. मराठी माणसाच्या मनात हा आकडा बराच काळ खुपत राहील, मग तो कुठल्याही बाजूचा असो. भाजपचा प्रवासही एका निवडणुकीतला नाही: 2012 ला 31, 2017 ला 82, 2026 ला 89. मोठी उडी 2017 ची होती. 2026 ला जागा सातच वाढल्या, पण समोरचा पक्ष दोन ठिकाणी वाटला गेला होता.

तुमच्या शहराचा निकाल हातात आला की आधी आपला प्रभाग उघडा. कोण जिंकलं त्याखाली दुसऱ्या क्रमांकाला किती मतं आहेत ते बघा, फरक लिहून ठेवा. जागा कुठल्या गटासाठी राखीव होती ते बघा. मग बहुमताचा आकडा काढा: एकूण जागांचा निम्मा आणि एक, आणि अपूर्णांक आला तर तो सोडून द्या. कुठला गट बाहेर पडला तर तो आकडा कोसळतो ते शोधा. महिनाभराने समित्यांची यादी येईल. तिच्यात आपला नगरसेवक कुठे आहे ते बघा. स्थायीत असेल तर पैशाजवळ, प्रभाग समितीत असेल तर गल्लीजवळ.

आमच्या गल्लीतलं ते कार्यालय फेब्रुवारीत पुन्हा उघडलं. शटरला नवा रंग, आत नव्या नगरसेविका, बाहेर चपलांचा ढीग. रांगेत पहिल्या होत्या त्या तळमजल्यावरच्या काकू. हातात प्लास्टिकच्या पिशवीत 2023 चे तिन्ही अर्ज, पोचपावतीसकट.